आरएक्स १०० चा कार्ब गळतोय? नीडलच्या आधी बाउल बघा

माझी यामाहाची आरएक्स १०० बाईक ही ९३ सालची. कायद्याने बघायला गेलं तर विंटेज नाहीच, २०२१ च्या नियमात ५० वर्षं झालेलीच गाडी विंटेज धरतात आणि आरएक्स आपल्याकडे आलीच मुळी १९८५ ला, ९६ ला बंदही झाली. पण विकणारे पैसे मात्र विंटेजचेच सांगतात. असो, घेतली तशी घेतली. तर कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) ऑन केला की थोड्या वेळात कार्बच्या, म्हणजे कार्बुरेटरच्या, खालच्या नळीतून टप टप चालू, पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास, आणि खालच्या मजल्यावरचे काका रोज, "काय रे, उडवतोस काय आम्हाला सगळ्यांना?"

गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं, "दादा, नीडल गेली." नीडल म्हणजे कार्बमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी छोटी सुई. टाकली नवीन. तरी गळतंय. मग "दादा, कार्बच नवा टाका, विषय संपला." मला ते पटेना. पुण्यात नाना पेठेत डुप्लिकेट कार्ब मिळतो, दिसायला सेम टू सेम, पण आरएक्सची सगळी मजा त्या पिकअपमध्ये आणि डुप्लिकेट कार्बवर ट्यूनिंग धड बसत नाही असं आमच्या ग्रुपमधले बरेच जण बोंबलत असतात. ओरिजिनल मिकार्बची (गाडीच्या मूळ कार्बची) बॉडी चांगली असेल तर ती फेकायची नाही, एवढं माझं ठाम मत.

आता हे गळतं का ते समजून घेऊ. आपल्या गच्चीवरच्या टाकीत बॉल कॉक असतो ना, तसाच प्रकार. बाउलमध्ये (कार्बच्या तळाच्या वाटीत) पेट्रोल चढतं, फ्लोट म्हणजे आतला तरंगणारा तुकडा वर येतो, तो नीडलला सीटमध्ये (तिच्या बसायच्या भोकात) दाबतो आणि पेट्रोल बंद. नीडलच्या टोकाला गोल खाच पडली, सीटमध्ये कचरा अडकला, फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो जड झाला किंवा त्याची पत्ती वाकली की पेट्रोल थांबत नाही. मग जास्तीचं पेट्रोल बाउलच्या आत उभ्या असलेल्या पितळी नळीच्या तोंडातून खाली बाहेर पडतं, तोच ओव्हरफ्लो.

काही महाभाग या नळीला बूच मारून टाकतात. अरे बाबांनो, ती नळी तिथे आहे म्हणून पेट्रोल रस्त्यावर जातंय! ती बंद केली तर तेच पेट्रोल इंजिनात उतरणार, टू स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये साचणार, प्लग ओला आणि मग मारत बसा किका.

तर कार्ब खोलला (आधी कॉक बंद, इंजिन पूर्ण गार, आणि मोकळ्या हवेत, सिगरेटवाल्या मित्राला लांब पाठवून). फ्लोट कानाशी धरून हलवला, आत पाण्यासारखा आवाज नाही, म्हणजे ठीक. मग फ्लोट आणि नीडल परत जागेवर बसवून पेट्रोलच्या नळीतून तोंडाने फुंकून बघायचं, कार्ब सरळ असताना हवा जायला पाहिजे आणि उलटा केला की एकदम बंद. माझा बंद होत होता! म्हणजे नीडल, सीट सगळं ओके, गॅरेजवाल्याने टाकलेली नीडल चांगलीच होती, रोग दुसरीकडेच होता.

मग बाउल एकटाच घेतला, त्यात पेट्रोल ओतलं, नळीच्या तोंडाच्या बऱ्यापैकी खालीच लेव्हल ठेवली आणि खाली पेपर धरला. थेंब आला. त्या पितळी नळीला उभी चीर गेलेली, केसाएवढी, टॉर्च मारल्याशिवाय दिसत नव्हती. आता गंमत बघा, पेट्रोल चिरेपर्यंत चढलं की तिथूनच बाहेर, म्हणजे फ्लोट पूर्ण वर टिकणारच नाही, मग नीडल बंद राहणार कशी? तुम्ही सोन्याची नीडल टाका, गळणारच.

नळी घासून स्वच्छ केली, पेट्रोल पूर्ण वाळू दिलं आणि फ्लक्स लावून सोल्डरिंग आयर्नने चीर भरून घेतली. पितळ आहे त्यामुळे सोल्डर मस्त धरतं, फक्त नळीचं तोंड बुजवू नका. आणि परत तीच बाउल टेस्ट, पेपर कोरडा.

बाउलचं पॅकिंग पण फुगून खाचेत बसेना, ते नवीन टाकलं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, जुन्या रबराला ते झेपत नाही, शिवाय हवेतलं पाणी ओढतं आणि गाडी उभी राहिली की बाउलच्या तळाशी पांढरी पावडर जमते. गाडी आठ-पंधरा दिवस उभी ठेवणार असाल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, बाउल बराचसा रिकामा होतो. कार्बचं रिपेअर किट आणलं तर त्यातलं पॅकिंग घ्या, पण जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या) तुमचे जुनेच ठेवा, साफ करून. तारेने टोचू नका, हवा मारा.

कार्ब आता कोरडा ठणठणीत आहे. कॉकचा वायसर मात्र पाझरायला लागलाय, कोणाकडे ओरिजिनल असेल तर सांगा.