देव नाही, पण दिवे आहेत

"देवच मानत नाही, मग शुक्रवारी मेणबत्त्या कशाला?" नास्तिक ज्यूंबद्दलचा हा प्रश्न आज पुन्हा कानावर आला आणि डोक्यातून जाईना.

प्रथा अशी: सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी दोन मेणबत्त्या. आधी पेटवायच्या, मग तीनदा हात फिरवून डोळे झाकायचे आणि त्यानंतर आशीर्वचन. कारण ते म्हटलं की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा पवित्र दिवस लागतो, मग काडी ओढता येत नाही. वाऱ्याने ज्योत विझली तरी कर्मठ घरात ती विझलेलीच राहते. नास्तिक घरात खुशाल पुन्हा लावतात.

1963 मध्ये मिशिगनमध्ये रब्बाय (ज्यू धर्मगुरू) शेरविन वाइन यांनी प्रार्थनेतून देवच वगळला. तिथे जगातल्या प्रकाशाचं स्तवन होतं. टेबलावर मात्र शब्बाथचे तेच परंपरागत, कापडाखाली वेणी घातलेले दोन पाव.

मला यात ढोंग अजिबात दिसत नाही. आजी जसे हात फिरवायची तसे फिरवायला श्रद्धेचा दाखला कशाला हवा?