भूमिकेसाठी पिवळे डोळे

अर्धा माणूस आणि अर्धा लांडगा अशा पात्राची भूमिका माझ्याकडे आली, तेव्हा दिग्दर्शकांना त्याचे डोळे पिवळे हवे होते आणि ते केवळ रंगभूषेने साधण्यासारखे नव्हते. त्यासाठी रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स घालावी लागणार होती. मला चष्मा नसल्यामुळे ती शून्य पॉवरची चालणार होती. पण पॉवर असो वा नसो, लेन्स टेकते ती डोळ्यावरच, म्हणून रंग निवडण्याआधी मी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो.

त्यांनी आधी बुबुळावरील पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची, वक्रता मोजली. कॉर्नियाला रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या पातळ थरातून मिळतो, त्यामुळे घट्ट बसलेली लेन्स त्याची वाटच अडवते. नमुन्याची लेन्स घालून पापणी मिटल्यावर ती किंचित सरकते का, हे त्यांनी स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पाहिले. लेन्स काढल्यावर डोळ्यात नारिंगी रंगद्रव्य लावून निळ्या प्रकाशात पुन्हा तपासले, कारण कॉर्नियावर ओरखडा असेल तर तो त्या प्रकाशात हिरवा चमकतो. संपूर्ण डोळा झाकणाऱ्या मोठ्या लेन्सचाही विचार झाला होता, पण साधारण २२ मिलिमीटर व्यासाची ती लेन्स घालून धावपळीचे प्रसंग करायला मी नकार दिला आणि १४.५ मिलिमीटरच्या सॉफ्ट लेन्सवर आमचे एकमत झाले.

सर्वांत जास्त विचार करावा लागला तो अंधाराचा. अशा लेन्सच्या मध्यभागी पाहण्यासाठी रंगविरहित गोल जागा असते आणि तिचा आकार बदलत नाही. डोळ्याची बाहुली मात्र उजेडात आकसते आणि अंधारात फैलावते. बाहुली त्या मोकळ्या जागेपेक्षा मोठी झाली की रंगाची कड दृष्टीच्या आड येते. रंगमंचावरील दिवे मंद होताच माझ्या नजरेभोवती पिवळसर धुक्याचे कडे उभे राहायचे, आणि पापणी लवली की लेन्सबरोबर तेही हलायचे. माझा प्रवेश नेमका काळोखात, पायऱ्यांवरून होता. रंगीत तालमीपर्यंत न थांबता आम्ही साध्या तालमींतच लेन्स घालून त्या पायऱ्या उतरण्याचा सराव केला, प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवली आणि दिग्दर्शकांनी माझ्या बाजूचा एक दिवा थोडा आधी उजळायचे मान्य केले. कडेचे कमी दिसत असल्यामुळे मी मान अधिक वळवू लागलो. ते त्या पात्राला शोभलेही.

रंगभूषेचा क्रमही बदलावा लागला. केसांवरचा स्प्रे आणि कृत्रिम केस चिकटवण्याचा डिंक यांचे काम आधी आटोपायचे, मग बोटांवर चिकटपणा राहणार नाही असे हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, लेन्स घालायच्या आणि त्यानंतरच डोळ्यांभोवतीचा रंग लावायचा. लेन्स उलटी तर नाही ना, हे बोटाच्या टोकावर धरून पाहता येते: कड वाटीसारखी सरळ वर आलेली असेल तर ती सुलट, बाहेरच्या बाजूला पसरलेली असेल तर उलटी. प्रयोग संपल्यावर आधी लेन्स काढायच्या आणि मगच चेहरा पुसायचा. अंगावर रंग असताना कितीही दमणूक झाली तरी हा क्रम मी पाळला.

नळाचे पाणी लेन्सला लागू द्यायचे नाही, याबाबत मी फारच काटेकोर राहिलो. त्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो आणि त्याचा संसर्ग कॉर्नियात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात. लेन्स ठेवायच्या डबीतले जुने सोल्यूशन, म्हणजे लेन्स निर्जंतुक ठेवणारे द्रव, प्रत्येक वेळी पूर्ण ओतून टाकून नवे भरायचे, त्यात थोडी भर घालून भागवायचे नाही. एका सहकलाकाराने गंमत म्हणून माझ्या लेन्स घालून पाहायला मागितल्या, तेव्हा मी स्पष्ट नाही म्हटले, कारण दोघांच्या डोळ्यांचे माप वेगळे असतेच, शिवाय जंतूही त्याच वाटेने जातात.

माझ्या लेन्सची मुदत तीन महिन्यांची होती आणि ती वेष्टन उघडल्या दिवसापासून मोजायची असते, किती वेळा घातल्या यावरून नव्हे. पुढचे प्रयोग त्या मुदतीनंतर ठरले, म्हणून डोळे पुन्हा तपासून घेऊन मी नवी जोडी मागवली.