आधी पूर्वपक्ष

भाद्रपद शुद्ध द्वितीया, पुणे. सकाळपासून पिरपिर. सोसायटीच्या फाटकावर विसर्जनाच्या हौदाची नोटीस लागली आहे आणि तिच्याखाली पेनाने दोन शेरे: ‘नदी असताना हौद कशाला?’ आणि त्याच्या पोटात, ‘ती नदी आहे का?’ गणपती अजून बसायचा आहे, भांडण आधीच बसलं आहे.

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते कळावं म्हणून केला तो वाद, जिंकण्यासाठी केला तो जल्प, आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडायची ती वितंडा. मराठीत आपण ‘वाद’ हा चांगला शब्द भांडणाला देऊन टाकला, हे आपलं दुर्दैव. सोसायटीच्या बहुतेक बैठका जल्पाने सुरू होतात आणि चहा यायच्या आत वितंडेवर पोचतात.

यावर उतारा म्हणजे पूर्वपक्ष: समोरच्याची बाजू, त्याला पटेल अशा शब्दांत, आपण मांडायची. कृती साधी आहे. दोघांनीच बसायचं, फार तर तिसरा वेळ बघायला. एकाने तीन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने मधे तोंड उघडायचं नाही. मग ऐकणाऱ्याने ते म्हणणं परत सांगायचं आणि विचारायचं, ‘असंच ना?’ उत्तर ‘हो, पण...’ आलं तर पुन्हा सांगायचं. नुसतं ‘हो’ येईपर्यंत स्वतःचा मुद्दा काढायचा नाही. याला साधारण दोन-तीन फेऱ्या लागतात.

इथेच घोडं पेंड खातं. पुणेकराला पूर्वपक्ष मांडताना टोमणा आवरत नाही. ‘म्हणजे तुमच्या मते मासे मेले तरी चालतील’ हा पूर्वपक्ष नव्हे. ‘वाहत्या पाण्यात निरोप दिला नाही तर पूजा अपुरी राहिली असं वाटतं’ हा झाला. दुसरी चूक म्हणजे ‘का?’ असं विचारणं. ‘का’ कानाला उलटतपासणीसारखा लागतो आणि माणूस कारणं रचू लागतो. ‘तुमच्या घरी पहिल्यापासून कसं करतात?’ असं विचारलं की माहिती मिळते. तिसरी चूक प्रेक्षक. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर शंभर जण बघत असताना कुणी शब्द मागे घेत नाही. माघार दिसू नये म्हणूनच माणसं हेका धरतात.

मग कागद घेऊन मुद्दे तीन ढिगांत टाकायचे: वस्तुस्थिती, श्रद्धा, सोय. पहिल्या ढिगावर भांडायचं नाही, बघून घ्यायचं. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते ६, आणि सणासाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. हे नियमात लिहिलेलं आहे, त्यावर मतदान कशाला? दुसऱ्या ढिगाला हात लावायचा नाही. तडजोड सापडते ती तिसऱ्यात, आणि तिथे नेमके सगळे घाईत असतात.

विसर्जनाचंच बघा. शाडूची मूर्ती बादलीत विरघळते, प्रश्न प्लास्टर ऑफ पॅरिसचा. पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अशी मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवायची रीत दाखवली. प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्याचा खाली खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं, ते पातळ करून खत म्हणून चालतं. बंद खोलीत केलं तर अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरतात, आणि ढवळलं नाही तर मूर्तीवर साका चढून काम मंदावतं. बादली मोकळ्यावर हवी. पण हे रसायनशास्त्र पहिल्याच मिनिटाला ऐकवलं तर कोण ऐकेल? श्रद्धेच्या ढिगातल्या माणसाला ते उत्तर नसून उपदेश वाटतो. ‘निरोपाची आरती नदीकाठी, मूर्ती हौदात’ ही वाट पूर्वपक्षाच्या ‘हो’नंतरच सुचवता येते.

टिळक-आगरकर हा या शहराचा आवडता दाखला, बहुतेक वेळा अर्धाच सांगितला जाणारा. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी समाजसुधारणा, यावर त्यांचं कधी जमलं नाही. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ निघाला. तरी डेक्कन एज्युकेशन सोसायटीत दोघे १८९० पर्यंत एकत्र होते, कारण मुलांना शिकवायचं यावर दुमत नव्हतं. टिळक बाहेर पडले तेव्हा मतभेद होतेच, पण राजीनाम्यापर्यंत नेणारे मुद्दे होते आजीव सदस्यांचं मानधन आणि त्यांची बाहेरची कामं. म्हणून समेटाच्या कागदावर पैसा आणि वेळ आधी लिहावा.

दुसरा दाखला येरवड्याचा, तो जड आहे. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात दलितांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि प्रांतांच्या कायदेमंडळांतल्या त्यांच्या राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. आकडा वाढला, पण या मतदारसंघांविरुद्ध गांधीजींचं येरवडा तुरुंगात उपोषण २० तारखेपासून चालू होतं आणि त्यांच्या प्राणांचं ओझं बाबासाहेबांवर टाकलं गेलं होतं. पुढे बाबासाहेबांनी या करारावर कठोर टीका केली. त्याला सामंजस्याचा नमुना म्हणवत नाही. एकाला ‘नाही’ म्हणायची सोयच नसेल तर त्याच्या ‘हो’ला वजन किती? सोसायटीतही हेच तपासायचं: भाडेकरू, नवी सून, एकटं राहणारं म्हातारं माणूस नाही म्हणू शकतं का?

कागदावर शेवटी न जुळलेलंही लिहावं: ‘नदीबद्दल मतभेद कायम.’ ते लिहिलं नाही तर पुढच्या भाद्रपदात कुणीतरी म्हणतं, तुम्ही मान्य केलं होतंत. आणि बादली कुणी, किती वेळा ढवळायची, हे नावानिशी. नाहीतर तिसऱ्या दिवशी तिच्यावरूनच नवी नोटीस लागते.