पार्किंगमधला मीटर आणि बॅटरीची वही

आमच्या सोसायटीत विजेवर चालणारी पहिली गाडी २०२१ च्या फेब्रुवारीत आली, ती आमची. आणि तिच्या पाठोपाठ, ही गाडी वीज कोणाच्या खात्यातली खाणार, हा वादही आला. सचिवांनी अट घातली की माझ्या पार्किंगच्या खांबावर स्वतंत्र सबमीटर बसवावा आणि दर महिन्याचे रीडिंग खजिनदारांकडे लेखी द्यावे. त्या वेळी ही अट मला जाचक वाटली होती. मात्र त्या निमित्ताने मी जी दोनशे पानी वही घातली, तीच आज माझ्या गाडीच्या बॅटरीविषयीचा माझ्याकडचा सर्वांत विश्वासार्ह कागद आहे. गाडीच्या पडद्यापेक्षा, मोबाइलमधल्या ॲपपेक्षा आणि सर्व्हिस सेंटरच्या शिक्क्यापेक्षाही माझा त्या वहीवर अधिक भरवसा आहे, आणि तो का आहे हे सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

माझ्या गाडीची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची आहे. आपल्याकडे वीजबिलावर ज्याला युनिट म्हणतात तेच हे माप असल्यामुळे हिशेब सोपा होतो: नवी असताना या टाकीत ३०.२ युनिटे मावत होती. वर्षे सरतील तसे टाकीचे तोंड तेवढेच राहते, पण आतली जागा कमी होत जाते. मूळ क्षमतेच्या किती टक्के क्षमता आज उरली आहे, या आकड्याला बॅटरीचे आरोग्य म्हणतात. ॲपमध्ये तो ‘एसओएच’ या तीन अक्षरांनी दिसतो. गाडी किती चार्ज आहे हे सांगणारा ‘एसओसी’ हा आकडा वेगळा. या दोन आकड्यांची गल्लत करणारे बरेच भेटतात, आणि पहिल्या वर्षी मीही त्यांच्यातच होतो.

माझी पद्धत साधी आहे. दर जानेवारीत एकदा मी गाडी दहा टक्क्यांपर्यंत उतरू देतो, रात्री पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर लावतो, त्याआधी टॉर्च धरून मीटरचा आकडा लिहितो आणि सकाळी चार्जिंग स्वतःहून थांबल्यावर पुन्हा लिहितो. मीटरवर ‘३२०० इंपल्स’ असे छापलेले आहे; म्हणजे एका युनिटमागे त्याचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. गाडी साधारण ३.३ किलोवॅटने वीज घेत असताना तो सेकंदाला जवळपास तीनदा लुकलुकतो, आणि शेवटच्या टक्क्या-दोन टक्क्यांत, सेल एकमेकांच्या पातळीवर आणले जात असताना, त्याचा वेग इतका मंदावतो की दिवा बंद पडला की काय असे वाटावे. पहाटे पाच वाजता रिकाम्या पार्किंगमध्ये उभे राहून तो मंदावलेला दिवा पाहण्याची मला सवय जडली आहे. वॉचमन काकांनी सुरुवातीला एक-दोनदा चौकशी केली. आता ते विचारत नाहीत.

२०२१ च्या फेब्रुवारीत, गाडी अगदी नवी असताना, दहा ते शंभर टक्क्यांसाठी मीटरवर ३०.६ युनिटे पडली होती. बॅटरीच्या नव्वद टक्क्यांना २७.२ युनिटेच पुरायला हवीत. वरची सुमारे अकरा टक्के वीज चार्जरच्या उष्णतेत आणि गाडीच्या अंतर्गत यंत्रणेत खर्च होते. हा अपव्यय दर वर्षी जवळपास तेवढाच राहतो असे धरले, तर मीटरवरच्या आकड्यांचे गुणोत्तर हेच बॅटरीच्या आरोग्याचे चांगले अनुमान ठरते. त्यानंतरच्या चार जानेवारींचे आकडे असे आहेत: २९.५, २९.०, २८.६ आणि २०२५ मध्ये २८.३. म्हणजे चार वर्षांत आणि ६१,००० किलोमीटरनंतर सुमारे साडेसात टक्क्यांची घट झाली आहे.

हे आकडे ओळीने वाचले की दिसते, की पहिल्या वर्षी १.१ युनिटे गेली आणि चौथ्या वर्षी केवळ ०.३. हा योगायोग नव्हे. लिथियमच्या सेलमध्ये ग्राफाइटच्या पृष्ठभागावर द्रावणाच्या विघटनातून एक पातळ थर धरतो, आणि तो थर बनताना थोडे लिथियम कायमचे अडकून पडते. थर जसजसा जाड होतो तसतसा तो पुढच्या विघटनाला आडवा येतो, त्यामुळे ही हानी साधारणपणे काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. चार वर्षांत होणारी घट पहिल्या वर्षाच्या चौपट होत नाही, दुप्पट होते. माझे आकडे या नियमाशी इतके जुळले की मला स्वतःलाच संशय येऊन मी वहीतली बेरीज-वजाबाकी दोनदा तपासली. पहिल्या वर्षीची घसरण पाहून हवालदिल होणाऱ्या आणि तिला हमीच्या आठ वर्षांनी गुणून बॅटरीचे तेरावे घालणाऱ्या मित्रांना मी हाच हिशेब दाखवतो.

जानेवारीच का, हेही सांगायला हवे. एकदा हौसेने मे महिन्यात मोजमाप केले, तर युनिटे चक्क वाढलेली दिसली. बॅटरी सुधारली नव्हती. चार्जिंगच्या वेळी बॅटरी थंड ठेवणारी यंत्रणा अधिक वेळ चालली आणि तिचा खर्चही माझ्याच मीटरवर पडला. त्यामुळे एकाच ऋतूत, त्याच सॉकेटवर, तेवढ्याच टक्क्यांपासून केलेली मोजणीच एकमेकींशी ताडून पाहण्याजोगी असते. पडद्यावर दिसणाऱ्या उरलेल्या किलोमीटरांवरून तर आरोग्याचा निष्कर्ष काढूच नये, कारण तो आकडा तुम्ही अलीकडे गाडी कशी चालवली यावरून काढलेला असतो. आठवडाभर शहरात हळू फिरलात की तो फुगतो, आणि द्रुतगती मार्गावर एक फेरी मारून आलात की बसतो.

दुसऱ्या वर्षी मी स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गाडीतले दोष तपासण्याच्या जोडणीत, बसणारा ब्लूटूथ डोंगल घेतला. बॅटरीवर देखरेख ठेवणारा गाडीतला संगणक, म्हणजे बीएमएस, स्वतःशी काय बोलतो ते त्यातून ऐकू येते. आमच्या बॅटरी पॅकचे नाममात्र व्होल्टेज ३२० आहे आणि त्यातल्या लिथियम-लोह-फॉस्फेट (पुढे नुसते लोह-फॉस्फेट) प्रकारच्या एका सेलचे ३.२ व्होल्ट, म्हणजे शंभर सेलगट एकसर जोडणीत आहेत. एकसर जोडणीत सर्वांत दुबळा सेलगट आधी रिकामा होतो आणि बाकीच्या नव्व्याण्णवांना त्याच्यासाठी थांबावे लागते, म्हणून मी एसओएचपेक्षा सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजच्या सेलमधला फरक अधिक आस्थेने पाहतो. (डोंगल काम झाल्यावर काढून ठेवावा. एका दिवाळीत मी तो तसाच लावून गावी गेलो आणि परतल्यावर बारा व्होल्टची साधी बॅटरी उतरल्यामुळे गाडी जागीच होईना. मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली होती, पण तिला उठवणारेच कोणी उरले नव्हते.)

ॲपमधला एसओएच हा मात्र मोजलेला आकडा नसतो. तो बीएमएसचा अंदाज असतो. हे मला २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये नीट कळले. साताऱ्याहून परतताना खेड-शिवापूरचा टोलनाका ओलांडला तेव्हा पडद्यावर १९ टक्के होते. तिथून कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत चढ धरूनही पाच-सहा टक्के लागतात, हे मला पाठ होते. प्रत्यक्षात चढणीवर आकडा १९ वरून १४ आणि तिथून एकदम ७ वर आला. मागे बसलेल्या आईला काही कळू नये म्हणून मी एसी गुपचूप बंद केला. बोगद्यानंतर उतार असल्यामुळे घरी पोहोचलो, पण त्या रात्री झोप काही लागली नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये तंत्रज्ञाने यंत्र जोडले, दहा मिनिटे पाहिले आणि म्हणाला, “काका, बॅटरी एकदम ओके आहे.” किती टक्के, असे विचारल्यावर त्याने कागद पुढे केला, त्यावर ‘समाधानकारक’ एवढाच शेरा होता. त्या मुलाचा दोष नव्हता, त्याला यंत्राने तेवढेच सांगितले होते. माझ्या ॲपमध्ये तेव्हा एसओएच ९७ दिसत होता, आणि वही तर बॅटरी ९३ च्या आसपास आल्याचे सुचवत होती.

दोष माझ्या सवयीत निघाला. बॅटरी टिकावी म्हणून मी दोन महिने गाडी केवळ ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यानच ठेवली होती. निकेल असलेल्या सेलच्या बाबतीत हा सल्ला उत्तम आहे. लोह-फॉस्फेट सेलचा स्वभाव वेगळा: मधल्या मोठ्या पट्ट्यात त्याचे व्होल्टेज जवळपास हलतच नाही, त्यामुळे केवळ व्होल्टेज पाहून सेल ३५ टक्के भरला आहे की ६५, हे बीएमएसला सांगता येत नाही. मग तो आत आलेला आणि बाहेर गेलेला विद्युतप्रवाह मोजत राहतो, आणि त्या मोजणीतली बारीक चूक रोज साठत जाते. व्होल्टेज स्पष्टपणे चढते ते अगदी वरच्या टोकाला आणि घसरते ते तळाशी. त्या दोन ठिकाणीच त्याला आपली चूक समजते. मी वरचे टोक त्याला दोन महिने दाखवलेच नव्हते, म्हणून त्याची चूक तळाशी, कात्रजच्या चढावर, एकदम बाहेर आली. (हे लोह-फॉस्फेट ज्या १९९७ च्या शोधनिबंधातून पुढे आले, त्यावर शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्याबरोबर पाढी आणि नंजुंडस्वामी अशी दोन नावे आहेत, हे वाचून मला उगीचच आनंद झाला होता.)

त्यानंतर मी गाडी दहा टक्क्यांखाली उतरवून रात्रभर संथ चार्जिंगवर ठेवली आणि शंभर टक्के झाल्यावरही दोन तास काढली नाही. आठवड्याने पुन्हा तसेच केले. ॲपमधला एसओएच ९७ वरून ९३ वर आला. बॅटरीचे त्या आठवड्यात काहीही बिघडले नव्हते. बीएमएसला खरा आकडा समजला होता, आणि तो वहीशी जुळत होता. आता मी महिन्यातून दोनदा पूर्ण चार्ज करतो. पूर्ण भरलेली गाडी उन्हात चार-चार दिवस उभी ठेवणे मात्र टाळतो, कारण उष्णता आणि भरलेली बॅटरी ही जोडी या सेललाही मानवत नाही.

उष्णतेचा धडा जगाला मिळाला तो अमेरिकेतल्या ॲरिझोनात. निस्सान लीफ या गाडीच्या २४ युनिटांच्या बॅटरीला थंड ठेवणारी सक्रिय यंत्रणा नव्हती, आणि २०१२ च्या उन्हाळ्यात फीनिक्स परिसरातल्या मालकांच्या पडद्यावरून क्षमतेच्या बारा पट्ट्यांपैकी पट्ट्या गळू लागल्या. नंतर कंपनीने पाच वर्षे किंवा ६०,००० मैलांत नऊपेक्षा कमी पट्ट्या उरल्यास दुरुस्तीची हमी दिली. तिथे निदान पट्ट्या तरी होत्या, मोजायला काहीतरी समोर होते. आपल्याकडे ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी अनेक गाड्यांवर मिळते, पण क्षमता किती उरली हे कोणत्या यंत्राने, कोणी आणि किती तापमानाला मोजायचे, हे ग्राहकाच्या हातात नसते. युरोपच्या ‘युरो ७’ नियमांत प्रवासी गाडीच्या बॅटरीने ५ वर्षे किंवा १,००,००० किलोमीटरपर्यंत ८० टक्के आणि ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत ७२ टक्के क्षमता राखावी असे बंधन आहे, आणि उरलेल्या क्षमतेचा आकडा मालकाला पाहता यावा अशीही तरतूद आहे. तसे काही इथे येईपर्यंत, जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्या ओळखीच्यांना मी एकच सांगतो: विकणाऱ्याला एक रात्र गाडी मीटर असलेल्या सॉकेटवर लावू द्यायला सांगा, आणि तो कां कूं करू लागला तर दुसरी गाडी बघा.

गेल्या रविवारी पुन्हा साताऱ्याहून आलो. टोलनाक्यावर २१ टक्के, बोगद्याच्या तोंडाशी १५. आईने विचारले, “आज एसी बंद नाही केलास?” म्हणजे तिला तेव्हाही कळले होते.