आडव्या इंजिनाची गाडी

स्प्लेंडर उभी नाही असा पानठेला विदर्भात शोधावा लागेल. रूपात काही खास नाही. स्टिकरचे पट्टे बदलले की नवी गाडी! पण वाकून इंजिन पाहा. सिलिंडर उभा नाही, पुढच्या चाकाकडे आडवा झोपलाय. ही होंडाच्या ‘कब’ या छोट्या गाड्यांच्या घराण्याची ठेवण: ५० मिमी बोअर (सिलिंडरची आतली रुंदी), ४९.५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), ९७.२ सीसी. १९८४ साली हिरो आणि होंडा एकत्र आले, १९८५ला त्यांची सीडी १०० ही गाडी आली, १९९४ला स्प्लेंडर. पुढे दोघांची फारकत झाली, टाकीवरचं होंडा गेलं. इंजिनाची ठेवण तीच राहिली.

त्याआधी गावात राजदूतचा जोर. टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा, मागे निळा धूर. यामाहाची आरएक्स १०० पळायला भारी, पण कापूस विकून पेट्रोल भरणाऱ्याला पळण्यापेक्षा अ‍ॅव्हरेज प्यारं. जाहिरात सांगायची, टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की ऑइलसुद्धा विसरले.

ही गाडी मरते ती तिथंच. बाहेरून बदलायचा ऑइल फिल्टर हिला नाही. आत एक जाळी, आणि उजवीकडे क्लचच्या झाकणाआड एक फिरती वाटी. फिरताना कचरा तिच्या कडेला चिकटतो. जुनं ऑइल सोडून ९०० मिलीची नवी बाटली ओतली, तरी वाटीतला गाळ तसाच. जाणता मिस्त्री अधूनमधून झाकण खोलून ती पुसतो. ऑइल कमी पडलं की हेड कोरडं पडतं, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट खाल्ला जातो, टायमिंग चेन खडखडते.

दुसरा वैरी म्हणजे आपली काळी माती. उन्हाळ्यात तिचा धुरळा एअर फिल्टरमध्ये बसतो. अ‍ॅव्हरेज पडतं, प्लग काळा होतो. नव्या गाडीतला तेलकट कागदी फिल्टर हवा मारून झाडू नये, बदलावा. पावसाळ्यात पांदणीतली माती मडगार्डात ठासते आणि चाक जाम होतं. तेव्हा रेस देऊन गाडी ओढली तर क्लचप्लेटा जळतात. उतरावं, धुऱ्यावरची पऱ्हाटीची (कपाशीची) काडी घ्यावी, कोरून काढावं. काहीजण पुढचं मडगार्डच काढून टाकतात. मग चिखल थेट आडव्या सिलिंडरवर, पात्यांच्या फटीत वाळून बसतो. हवेवर थंड होणारं इंजिन, हवाच लागत नाही म्हटल्यावर तापणारच.

२०२०ला धुराचा नवा नियम, बीएस-६, आला. हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर गेला, पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं. चोक ओढणं संपलं हे बरंच झालं. पण पेट्रोलात पाणी आलं तर जुन्या गाडीत कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू ढिला करून ते रस्त्यातच सोडून देता यायचं. नवीत टाकी रिकामी करावी लागते, आणि गाडीतला पेट्रोल ढकलणारा पंप बिघडला तर तालुक्याची वारी. किराणा दुकानातून बाटलीतलं पेट्रोल घेतलं, तर ओतण्याआधी बाटली थोडा वेळ स्थिर ठेवून उजेडात धरावी. पाणी जास्त असेल तर तळाशी वेगळं दिसतं.