कॅम्प हेल: आधी नावं वाचा, मग खोऱ्यात उतरा

सप्टेंबरच्या शेवटी आई-बाबांना घेऊन अमेरिकेत कोलोराडोतल्या कॅम्प हेलला, दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या लष्करी छावणीच्या जागी, जाऊन आलो. डेन्व्हरहून बरेच जण मिंटर्नमार्गे थेट तिथे जातात, मोकळं कुरण बघतात आणि 'इथे तर काहीच नाही' म्हणत परततात. आम्ही उलट बाजूने, लेडव्हिलकडून गेलो. तुम्हीही तसंच जा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

कारण त्या वाटेवर आधी टेनेसी पास हा घाट लागतो. स्की कूपर या स्कीइंगच्या ठिकाणाच्या प्रवेशाजवळ रस्त्यालगतच ग्रॅनाइटचं स्मारक आहे. डोंगरी लढाईसाठी कॅम्प हेलला तयार झालेल्या अमेरिकी सैन्याच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनचे सुमारे एक हजार जवान दुसऱ्या महायुद्धात कामी आले, त्यांची नावं त्यावर कोरली आहेत. बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. त्यांनी टोपी काढून काखेत धरली आणि ओळीवर बोट ठेवून एकेक नाव वाचायला लागले. तेच आडनाव पुन्हा आलं की बोट थांबायचं. "सख्खे भाऊ तर नसतील रे?"

ही डिव्हिजन इटलीत लढली, असं सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, "आपल्या पलटणीही होत्या की तिथे!" नाईक यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये टायबरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. शिपाई नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीकाठी पराक्रम गाजवला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. त्याआधी दोनच महिने, १८ फेब्रुवारीच्या रात्री, दहाव्या डिव्हिजनचे जवान अंधारात इटलीतल्या रिव्हा रिजचा कडा चढून गेले होते. तो कडा चढायची तयारी कॅम्प हेलला झाली.

पास उतरलं की ईगल नदीचं सपाट खोरं लागतं. १९४२ साली एप्रिल ते नोव्हेंबर एवढ्या काळात इथे सुमारे पंधरा हजार सैनिकांची छावणी उभी राहिली. त्यासाठी नदीचं वळणावळणाचं पात्रसुद्धा सरळ केलं. युद्धानंतर इमारती पाडल्या. आता जोती आणि काँक्रीटचे सांगाडे उरलेत. माहितीफलक वाचत सावकाश फिरा. कोळशाच्या शेगड्या आणि आगगाड्यांचा धूर खोऱ्यात कोंडून सैनिकांना खोकला लागायचा, त्याला ते 'पँडो हॅक' म्हणत. पँडो हे इथल्या रेल्वे स्टेशनचं नाव.

चीनविरुद्ध लढणाऱ्या तिबेटी लढवय्यांची पाटी मात्र चुकवू नका. १९५८ ते १९६४ या काळात सीआयएने त्यांना इथे गुप्तपणे प्रशिक्षण दिलं. पाटी लागायला २०१० साल उजाडलं. आई तिच्यापाशी बराच वेळ उभी होती.

आता कामाचं. छावणी ९,२०० फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा कितीतरी उंच. वयस्कर मंडळी सोबत असतील तर आदली रात्र वाटेत कुठेतरी उंचावर काढा आणि पाणी पीत राहा. आईला पहिल्या तासात डोकेदुखी झालीच. गाडीचं पेट्रोल, जेवण, बाथरूम सगळं लेडव्हिलमध्ये उरका. फोनच्या रेंजवर विसंबू नका, नकाशा आधीच उतरवून घ्या. जुना दारूगोळा अजूनही जमिनीत सापडतो, त्यामुळे वाट सोडू नका आणि लोखंडाचा तुकडा दिसला तरी मुलांना हात लावू देऊ नका. बर्फ पडल्यावर आतले रस्ते बंद होतात, म्हणून जून ते सप्टेंबर हाच काळ बरा. दुपारी ढग भरून येतात. सकाळी नऊपर्यंत स्मारकापाशी पोचा, म्हणजे नावं वाचायला निवांत वेळ मिळेल.