पास काढू का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

विद्यापीठाचं नवं वर्ष सुरू झालं की कुणी ना कुणी मला विचारतंच, "रोज बसनं, ट्रेननं जायचंय. पास काढून टाकू ना? पैसे वाचतील?" विचारणाऱ्याला 'हो' ऐकायचं असतं, हे मला कळतं. पण मी उलट विचारते, "महिन्यातून किती दिवस जाणार?" यावर बहुतेक जण गप्प होतात. पहिल्या वर्षी मला कुणी हे विचारलं असतं, तर मीही गप्पच झाले असते.

तेव्हा मी काहीही न मोजता मासिक पास काढला होता. सगळे काढतात, म्हणून. पुढे एका कंटाळवाण्या तासाला वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून पाहिला. पासाची किंमत भागिले एकेरी तिकीट, उत्तर आलं 36. म्हणजे जाऊन-येऊन 18 दिवस प्रवास केला तर पास फिटतो, त्यापुढचा प्रवास फुकट. पहिल्या महिन्यात मी 21 दिवस गेले होते, म्हणजे सहा तिकिटं वाचली. दुसऱ्या महिन्यात सुट्ट्या आल्या, मग ताप आला, दोन तास रद्द झाले म्हणून एक दिवस गेलेच नाही. एकूण 13 दिवस भरले. दहा तिकिटं पाण्यात. दोन महिने मिळून चार तिकिटांचा तोटा, आणि वर पास काढल्याचं समाधान!

मासिक पासाची किंमत ठरते ती साधारण नोकरदाराकडे बघून, जो महिन्यातले बाविसेक दिवस न चुकता जातो. विद्यार्थ्याचा महिना असा नसतो. परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, खुद्द परीक्षा (दोन पेपरांमध्ये तीन तीन दिवसांचं अंतर), मग निकालापर्यंतची सुट्टी. म्हणून तुमच्या गावातला पास कितीचा, सवलत किती, हे मला सांगू नका. पासाला एकेरी तिकिटानं भागा आणि आलेला आकडा वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. आठवड्यातून पाच दिवस तास असतील तर पास बहुधा फिटेल. तिसऱ्या वर्षी मला विषय निवडता आले तेव्हा मी सगळे तास चार दिवसांत कोंबले. महिन्याचे दिवस झाले 17, तिकिटं 34. पास तोट्यात! मग दर शनिवारी ग्रंथालयात जायला लागले आणि पुन्हा फायद्यात आला. पास फुकट जाऊ नये म्हणून अभ्यास केलेली मी एकटीच नसेन.

पास कधी सुरू होतो, हेही बघा. काही ठिकाणी तो महिन्याच्या एक तारखेपासून धरतात, काही ठिकाणी काढल्या दिवसापासून तीस दिवस. दुसरा प्रकार आपल्या सोयीचा, कारण सुट्टीवरून परतल्याच्या दिवशी तो सुरू करता येतो. तिमाही किंवा सहामाही पास महिन्यामागे स्वस्त पडतो, मात्र त्यात सुट्टीचे आठवडे अडकले की ती स्वस्ताई गळून जाते. शिवाय हरवला तर तीन महिन्यांचा एकदम हरवतो. हे मी अनुभवानं सांगतेय, पण तो अनुभव इथे सांगत नाही.

विद्यार्थी सवलतीबद्दल थोडक्यात. असेल तर घ्याच. फक्त तिच्यासाठी बोनाफाईड, फोटो, शिक्का आणि एक खिडकी लागते, आणि ती खिडकी जेवणाच्या सुट्टीत बंद असते. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात तिथे रांग वळणापर्यंत जाते. प्रवेश पक्का झाला त्याच दिवशी कागद करून टाका. वयाची अट असते का, सुट्टीच्या काळात सवलत चालते का, तेही खिडकीवरच विचारून घ्या. आणि त्याआधी फीची पावती नीट वाचा. जर्मनीतल्या अनेक विद्यापीठांत सत्राच्या शुल्कातच प्रवासाच्या तिकिटाचे पैसे धरलेले असतात. ते प्रवास करणारा भरतो आणि वसतिगृहातून चालत येणाराही भरतो. असं काही तुमच्याकडे असेल आणि तुम्ही वेगळा पास काढलात, तर एकाच प्रवासाचे दोनदा पैसे गेले. (लक्झेंबर्गमध्ये शिकत असाल तर हा लेख इथेच सोडा. तिथे 2020 पासून देशभरातल्या बस, ट्राम आणि ट्रेनच्या दुसऱ्या वर्गाला तिकीटच नाही.)

भाडं मोजलं कसं जातं, हे समजून घेण्यात मला खरी गंमत वाटायची. बसचं भाडं टप्प्यांनी वाढत असेल, तर आपला थांबा टप्प्याच्या कुठल्या बाजूला पडतो ते बघायचं. माझा थांबा नव्या टप्प्यातला पहिलाच होता. एक थांबा आधी उतरून सात मिनिटं चाललं की भाडं एका टप्प्यानं कमी. पाऊस नसेल तेव्हा मी चालायचे. काही शहरांत गर्दीच्या वेळी ट्रेनचं भाडं जास्त असतं. तिथे पहिला तास उशिरा ठेवता आला तर फरक पडतो. बस बदलावी लागत असेल तर बदलण्याचे वेगळे पैसे पडतात का, ते विचारा. लंडनमध्ये 2016 पासून पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यावर तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचं भाडं लागत नाही, आणि 2018 पासून त्या तासात कितीही बस बदलता येतात. तिथेच दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादाही आहे, ती गाठली की पुढचा प्रवास कापला जात नाही. अशी सोय असलेल्या शहरात पास काढण्याची घाई करायची गरज नाही. मात्र अशा कार्डाच्या गावात ट्रेनमधून उतरताना कार्ड टेकवायला विसरलात, तर बहुतेक वेळा सगळ्यात लांबच्या प्रवासाचं भाडं कापलं जातं.

इतकं सगळं करूनही दुसऱ्या वर्षी माझे पैसे पुरेनात. मग मी महिनाभर प्रवासाचा प्रत्येक खर्च लिहून काढला आणि चोर सापडला. तिकीट नव्हे, उशीर! सकाळची बस दोन मिनिटांनी चुकली की पुढची वीस मिनिटांनी, तोवर हजेरी झालेली. मग टॅक्सी. महिन्यातून चारच वेळा, पण त्या चार टॅक्सींनी जवळजवळ निम्म्या पासाचे पैसे खाल्ले होते. आणि मी इकडे एका टप्प्यासाठी सात मिनिटं चालत होते. त्या दिवसापासून मी नेहमीच्या आधीची बस पकडू लागले. दुसरं काहीच केलं नाही, आणि माझी सगळ्यात मोठी बचत तीच.

एकदा दंडही भरलाय. पास होता, पण दुसऱ्या कुर्त्याच्या खिशात. तपासनीस म्हणाले, "घरी असलेला पास म्हणजे नसलेलाच." वाद घालण्यात अर्थ नव्हता. आमच्या वर्गात एक मुलगा मुद्दाम तिकीट न काढता जायचा. महिन्यातून एकदाच पकडतात, तरी परवडतं, असा त्याचा हिशेब. एका आठवड्यात दोनदा पकडला गेला तेव्हा त्यानं माझ्याकडेच उसने मागितले. मी दिले नाहीत.

खोली शोधताना मात्र हा सगळा हिशेब आधी करा. लांबची खोली स्वस्त वाटते, पण भाड्यात पास मिळवा, शेवटची बस किती वाजता सुटते ते विचारा, मग जवळच्या खोलीशी तुलना करा. मी हे उलट्या क्रमानं केलं. आधी खोली घेतली, आणि शेवटची बस साडेआठची आहे हे प्रयोगशाळेतून साडेआठला बाहेर पडल्यावर कळलं.

तिथून पुढे रात्रीच्या प्रवासात मी पैसे वाचवले नाहीत. थांबा सुनसान असेल, सोबतीला कुणी नसेल, तर टॅक्सी. मैत्रीण असेल तर दोघींत. वहीत रोजच्या प्रवासाची पै न पै लिहिलेली आहे. रात्रीच्या रकान्यात आकडे नाहीत, नुसतं 'पोचले' लिहिलंय.